क्रोनेनबर्ग म्हणे संपला!

पंचवटीकर: काल इथे कुणीतरी कॅनडाचा दिग्दर्शक डेव्हिड क्रोनेनबर्गबद्दल टाकलंय, "क्रोनेनबर्ग 'अ हिस्टरी ऑफ व्हायलन्स'ला संपला, स्टुडिओचा पैसा घेऊन मारधाडपट काढला." डोकं फिरलं म्हणून लिहितोय. तो पिक्चर 2005 चा, 'द फ्लाय' त्याने 1986 लाच केला, तो काय वर्गणी काढून केला होता? आणि मारधाड म्हणजे, हॉटेलवाला दोन दरोडेखोरांना उडवतो, आपण शिट्टी मारायच्या बेतात आणि कॅमेरा जातो खाली पडलेल्याच्या फाटलेल्या जबड्यावर. शिट्टी घशातच.

सिडकोचा_राजा: पोस्ट माझीच. त्याच्याच जुन्या 'व्हिडिओड्रोम' पिक्चरमध्ये टीव्ही श्वास घेतो राव! इथे काय, तर फिलाडेल्फियाचे गुंड आणि पूर्वायुष्य लपवणारा बाप. हे आपण अमिताभच्या काळापासून बघतोय.

गोदाताई: जबड्यावरून आठवलं. मागच्या महिन्यात मल्टिप्लेक्सला ए सर्टिफिकेटच्या पिक्चरला पुढच्या रांगेत पाचेक वर्षांचं पोरगं. आई ओढणीने डोळे झाकतेय आणि ते ओढणीआडून विचारतंय, पप्पा, तो काका मेला का? अठराच्या खालच्यांना सोडायचंच नाही ना? दारावरचा माणूस मात्र पॉपकॉर्नची ऑफर सांगण्यात दंग.

इंदिरानगरवाले_पप्पा: पोरं ठेवायची कुठे ताई? सगळ्यांच्या घरी आजी नसते.

गोदाताई: मग घरी बसा. मी आठ वर्षं थेटरात पाय ठेवला नव्हता, काही बिघडलं नाही.

इंदिरानगरवाले_पप्पा: बिघडलंय, ते बोलण्यावरून दिसतंय. बायको सहा दिवस अंबडला शिफ्ट करते, एक रविवार मिळतो, त्यात पण तुमची परवानगी काढू का?

गोदाताई: काढा की. रात्री पोरगं दचकून उठलं की कळेल.

सिडकोचा_राजा: धागा कशावर आहे, चाललंय काय!

पंचवटीकर: अरे त्याच्यावरच चाललंय! पिक्चरमध्ये पोरगा शाळेत एकाला बेदम हाणतो, बाप सांगतो आपल्या घरात मारामारी चालत नाही, पोरगा उलट बोलतो, तर त्याच बापाची कानाखाली. शेवटी सगळे जेवायला बसलेत, कुणी चकार शब्द काढत नाही, धाकटी उठून बापाचं ताट मांडते.

कॉलेजरोड_कट्टा: शेवट सांगितलास?? अर्धाच बघितला होता मी

पंचवटीकर: वीस वर्षं झाली भाऊ, अजून किती थांबू.

सिडकोचा_राजा: ताटाचा सीन भारी, मान्य. त्यातला नट विल्यम हर्टपण, जेमतेम दहा मिनिटं येऊन ऑस्करचं नॉमिनेशन घेऊन गेला. बाकी विकला गेला तो गेलाच, फक्त भाव चांगला आला.

गोदाताई: ते राहू द्या, त्या दारावरच्या माणसाची तक्रार कुठे करायची ते सांगा कुणीतरी.