मदत हवी आहे: पाझर तलावाच्या पाळीतून पाणी येतंय आणि खाली वस्ती आहे

नमस्कार मंडळी,

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, पुसदकडच्या डोंगराळ पट्ट्यात. गावाच्या वरच्या अंगाला १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीवर बांधलेला पाझर तलाव आहे. गावातल्या म्हाताऱ्या बाया अजून सांगतात, या पाळीची माती आम्ही डोक्यावर वाहिली म्हणून. पाळ मातीची, लांबी तीनशे मीटरच्या आसपास, मधल्या नाल्यात उंची साधारण ९ मीटर. एका टोकाला मुरमात खोदलेला सांडवा. आउटलेट नाही, दरवाजा नाही. जादा पाण्याला वाट एकच, सांडव्याची.

यंदा पोळ्याच्या आधीच तलाव भरला. पाळीच्या खालच्या उतारावर, बरोबर जुन्या नाल्याच्या जागी, पायथ्यापासून पुरुषभर उंचीवर पाणी बाहेर येतंय. मागच्या वर्षी तलाव इतकाच भरला होता तेव्हा तिथं नुसती ओल आणि हिरवं गवत होतं. आता धार आहे. पंधरा लिटरची बादली मिनिटाच्या आत भरते. धारेच्या थोडं वर एका मोठ्या बाभळीचं खोड आहे. झाड काही वर्षांपूर्वी कोणीतरी तोडून नेलं, मुळं आत कुजली असणार. सायाळाची बिळंही आहेत. पाण्याच्या बाजूचे पिचिंगचे, म्हणजे लाटांनी माती धुपू नये म्हणून बसवलेले दगड लोकांनी घरांच्या पायाला नेले. माथ्यावरून ट्रॅक्टर जाऊन जाऊन मधोमध खोलगट झालंय. रब्बीला पाणी टिकावं म्हणून सांडव्यावर वाळूची पोती रचलेली आहेत आणि त्यालाच मासोळीवाल्यांची जाळी बांधलेली आहे.

पाळीच्या खाली नाल्याकाठानं तांडा आहे, अंगणवाडी आहे, जिल्हा परिषदेची शाळा आहे.

एका कार्यालयात सांगायला गेलो तर उत्तर मिळालं, "पाझर तलाव आहे, पाझरणारच." दुसऱ्यात म्हणाले, तलाव आमच्याकडं नाही. पहिलं उत्तर मला मुळीच पटत नाही. पाझर तलावातलं पाणी तळातून जमिनीत मुरायचं असतं, त्यावर खालच्या विहिरी चालतात, आमच्याही चालतात. पण पाळीच्या पोटातून धार लागावी म्हणून तो कोणी बांधत नाही.

२०१९ च्या जुलैत चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण रात्री फुटलं आणि खालची वस्ती वाहून गेली. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या, हे नंतर पेपरात आलं. आमच्या शेजारच्या महागाव तालुक्यात २०२३ च्या जुलैत आनंदनगर तांड्यावर लोक पुरात अडकले, हेलिकॉप्टर मागवावं लागलं. तिथं धरण फुटलं नव्हतं, पण एका रात्रीच्या पावसानं या भागात काय होतं ते आम्ही पाहिलंय. अजून परतीचा पाऊस बाकी आहे.

जाणकारांना विचारायचं ते असं. ही गळती किती धोक्याची? गावानं आत्ता काय करावं आणि काय करू नये? काही जण म्हणतात, ट्रॉलीभर काळी माती टाकून धार बुजवून टाकू. आणि हा तलाव नेमका कोणाचा, हे कसं शोधायचं?

जुना_ओव्हरसियर:

भाऊ, काळी माती टाकू देऊ नका. ते थांबवा, बाकीचं नंतर वाचा.

कारण सांगतो. बाहेर पडायचं तोंड बुजवलं की पाणी थांबत नाही, पाळीच्या पोटात तुंबतं. वरपर्यंत माती भिजते, तिचा जोर जातो आणि एक दिवस उतारच घसरून खाली येतो. नाहीतर पाणी शेजारून नवी वाट काढतं. धारेवर आधी स्वच्छ जाड वाळूचा थर टाका, त्यावर बारीक गिट्टी, त्यावर मोठी गिट्टी किंवा दगड. याला उलटा फिल्टर म्हणतात. पाणी बाहेर आलं पाहिजे, माती आत राहिली पाहिजे, एवढाच त्याचा हेतू. मधे ताडपत्री किंवा प्लास्टिकची पोती अंथरू नका.

आता धोका किती ते. मातीच्या धरणातून थोडं पाणी झिरपतंच. बघायचं एवढंच की पाणी स्वच्छ आहे का गढूळ, आणि तलावाची पातळी तीच असताना धार वाढतेय का. काचेची बाटली भरून रात्रभर ठेवा. सकाळी तळाशी माती बसली असेल तर पाळीचं पोट आतून पोखरलं जातंय असं समजा. कुजलेल्या मुळाची पोकळी, सायाळाचं बीळ, असं कुठूनही ते सुरू होतं. पाण्याबरोबर माती येते, वाट रुंदावते, म्हणून पाणी वाढतं, म्हणून अजून माती येते. शेवटच्या टप्प्यात हे सगळं काही तासांत उरकतं. अमेरिकेतलं टेटन धरण ५ जून १९७६ ला असंच गेलं. सकाळी गढूळ गळती दिसली आणि दुपारचे बारा वाजायच्या आत धरण फुटलं. ते ९३ मीटर उंचीचं, नवंकोरं होतं. तुमची पाळ पन्नाशी ओलांडलेली आहे.

तुमच्या वर्णनात मला जास्त खटकलं ते दुसरं. पाणी पायथ्याशी न येता उतारावर पुरुषभर वर येतंय. म्हणजे पाळ आतून तितक्या उंचीपर्यंत भिजलेली आहे. बाटलीतलं पाणी स्वच्छ निघालं तरी हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही.

सांडव्यावरची पोती आणि जाळी आजच काढा. मातीच्या पाळीवरून पाणी गेलं तर ती टिकत नाही. माथ्यावर खोलगट जागा आहे म्हणजे पाणी पहिल्यांदा तिथूनच जाणार, आणि ती जागा तुमच्या धारेच्या बरोबर वर आहे. गवंड्याची पाण्याची नळी घेऊन सांडव्याच्या उंबऱ्यापासून, म्हणजे जिथून पाणी सांडायला लागतं तिथून, माथा किती उंच आहे ते मोजून घ्या. पण सांडवा खोल करायला जेसीबी लावू नका. मुरूम आहे, एकदा कापायला लागला की तो तुमच्या हातात राहणार नाही.

पाळीवरची मोठी झाडं आत्ता मुळासकट उपटू नका. ते काम तलाव उतरल्यावर, उन्हाळ्यात.

पैनगंगाकाठची:

कार्यालयाचं मी सांगते, आमच्या गावाला हे सगळं करावं लागलं होतं. १०० हेक्टरपर्यंत सिंचन क्षमतेच्या योजना जिल्हा परिषदेकडं असतात. त्यावर ६०० हेक्टरपर्यंतच्या राज्याच्या मृद व जलसंधारण विभागाकडं. तुमचा तलाव बहुतेक जिल्हा परिषदेचा निघेल. तलाठ्याकडून त्या गटाचा सातबारा काढा, भूसंपादन कोणाच्या नावानं झालं ते बघा, आणि तलावाची नोंद, नकाशा, शेवटची दुरुस्ती कधी, हे माहितीच्या अधिकारात मागा. पण त्या उत्तराची वाट बघत बसू नका, त्याला महिना लागतो. कोणी २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याचं नाव घेतलं तर लक्षात ठेवा, त्यात १५ मीटरपेक्षा उंच धरणं येतात, आणि १० ते १५ मीटरमधली काही अटींवर. तुमचं ९ मीटरचं त्यात बसत नाही.

म्हणून अर्ज आपत्तीच्या अंगानं करा. जिल्हाधिकारी जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. तहसीलदारांकडं लेखी द्या, सोबत फोटो, खाली किती घरं आणि शाळेत किती मुलं ते लिहा, पोच घ्या. तलाव कोणाचा हे त्यांनी ठरवावं, तोवर पाहणी व्हायलाच पाहिजे. रात्री-अपरात्री काही झालं तर जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ नंबर तांड्यावरच्या प्रत्येक घरात लिहून ठेवायला सांगा.

धागाकर्ता:

काका, ताई, मनापासून आभार. काळी माती थांबवली. बाटलीत सकाळी तळाशी काही बसलं नव्हतं, पाणी स्वच्छ आहे. पोती काढताना रब्बीवाल्यांशी बरीच वादावादी झाली. त्यांचंही खोटं नाही, हरभऱ्याला एक पाणी कमी पडलं तर वर्ष जातं. शेवटी तांड्यावरच्या बायाच पुढं झाल्या आणि पोती निघाली. सांडव्याच्या उंबऱ्यापासून मोजलं तर मधला माथा कडेच्या माथ्यापेक्षा हातभर खाली आहे. वाळू-गिट्टी टाकली. तहसीलला अर्ज दिला, पोच आहे.

आता दोन गोष्टी. शेतकऱ्यांचे पाइप लावून तलाव थोडा उतरवता येईल का? आणि ग्रामसभेच्या ठरावात नेमकं काय मागायचं? नुसतं "दुरुस्ती करावी" लिहिलं तर वरवर मुरूम टाकून जातील, अशी भीती वाटते.

जुना_ओव्हरसियर:

पाइपानं उतरवता येतं, सायफन करून, म्हणजे पाइप पाण्यानं भरून पंपाशिवाय पाणी खाली ओढून, पण हिशेब समजून घ्या. चार इंची पाइपातून सेकंदाला १० लिटर धरले तर दिवसाला ८६४ घनमीटर होतात. पाणपसारा ८ हेक्टर धरला तर पाच पाइप लावून दिवसाला जेमतेम ५ सेंटिमीटर उतरेल. एक चांगला पाऊस आला की परत भरेल. तरी लावा. पाऊस उघडला असेल तेव्हा हात-दोन हात पाणी खाली गेलं तरी पाळीवरचा भार हलका होतो. पाइप सांडव्याच्या बाजूनं टाका आणि पाणी पार नाल्यात सोडा, पाळीच्या पायथ्याशी नको.

ठरावात असं लिहा: पाळीचे उभे-आडवे छेद मोजून मूळ नकाशाशी ताडावेत, खालच्या बाजूला फिल्टर आणि दगडी पायथा करून पाझराचं पाणी चरीतून नाल्यात काढावं, माथा मूळ उंचीवर आणावा, झाडं काढून मुळांचे खड्डे पायऱ्या खोदून भरावेत, पिचिंग परत बसवावं. भराव २० ते २५ सेंटिमीटरच्या थरांत, पाणी मारून, रोलर फिरवून. काम चालू असताना गावातलं कोणीतरी तिथं उभं असलं पाहिजे. जेसीबीनं ओतलेली सैल माती पहिल्याच पावसात बसते आणि भेगा पडतात, मग आहे ते परत सुरू. आणखी एक, गाळ काढायची योजना आली तर पाळीला लागून खोदू देऊ नका. तिथं साचलेला चिकण थरच पाणी अडवून धरतो.

काम उन्हाळ्याच्या आत सुरू होणार नाही. तोवर बादलीचं माप रोज एकाच वेळी घ्या, तलावाची पातळी शेजारी लिहा, वही शाळेत ठेवा. पाणी गढूळ झालं, धार एकदम वाढली, माथ्यावर लांबीच्या दिशेनं भेग पडली, उतार फुगला किंवा पाण्यात पाळीजवळ भोवरा दिसला, तर कोणाला विचारत बसू नका. तांडा आणि शाळा आधी उंचावर हलवा, फोन नंतर.