जुन्या ट्रॅव्हल ट्रेलरचं छत गळतंय : ठिगळ लावू की सगळं रबर उचलू?

मंडळी, अमेरिकेत ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) किंवा आरव्ही (राहायची सोय असलेली गाडी) बाळगणारं कुणी इथे असेल तर मदत करा.

आम्ही ओरेगनमध्ये, पोर्टलंडजवळ राहतो. उन्हाळ्यात १९९९ सालचा एक ट्रेलर सेकंडहँड घेतला. तेव्हा आतून कोरडा ठणठणीत होता. इथे जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस नसल्यातच जमा, त्यामुळे कळायला मार्ग नव्हता. ऑक्टोबर लागला आणि गळायला लागला.

छतावरच्या एसीच्या आतल्या चौकटीच्या कोपऱ्यातून थेंब पडतात. पुढे पलंगावरच्या कपाटातही ओल आहे. गंमत अशी, की पुढचा जॅक (ट्रेलरचं पुढचं टोक उचलून धरणारा) थोडा खाली घेतला की एसीजवळचा थेंब थांबतो आणि कपाटात पाणी उतरतं. म्हणजे शिरतंय एकीकडून आणि रबराखालून वाट काढत निघतंय भलतीकडून, असा माझा अंदाज.

फळी टाकून वर चढलो. छत पांढऱ्या रबराचं आहे, हात फिरवला की खडूसारखी पूड लागते. ईपीडीएमच (छतांना वापरतात ते कृत्रिम रबर) असणार. आधीच्या मालकाने दिसेल त्या सांध्यावर सिलिकॉन फासलंय. कडेला नख घातलं तर अख्खी पट्टी सोलून हातात आली, आणि खाली पाणी! पुढच्या व्हेंटशेजारी (छतातला हवेचा झरोका) हाताने दाबलं की प्लायवूड आत जातं.

एका वर्कशॉपमध्ये विचारलं. 'पूर्ण छत बदला' म्हणाले, आणि जो आकडा सांगितला तेवढ्यात असे दोन ट्रेलर येतील. गावी मे महिन्यात घर शाकारायला निदान ओळखीचा माणूस तरी मिळतो. इथे जे काही करायचं ते मलाच. तर सुरुवात कुठून करू? आणि सिलिकॉनवरूनच नवीन सीलंट मारलं तर चालेल का?

भटकंती
सिलिकॉनवर काहीही चिकटत नाही, ते आधी पूर्ण काढा. प्लास्टिकच्या पात्याने सावकाश खरवडा, लोखंडी पातं रबर फाडेल. पेट्रोल, मिनरल स्पिरिट असलं काही लावू नका, ईपीडीएम फुगतं. साबणाच्या पाण्याने धुवून, वाळवून मग सपाट भागावर डायकॉर कंपनीचं सेल्फ-लेव्हलिंग (आपोआप सपाट पसरणारं) सीलंट लावा. उभ्या कडांना त्यांचंच नॉन-सॅग घ्या, नाहीतर ओघळेल.

एसी मात्र आधी बघा. आतलं कव्हर काढलं की चौकट आवळणारे बोल्ट दिसतील. वर्षानुवर्षं दबून गॅस्केट (एसी आणि छतामधली मऊ गादी) चपटं होतं. ते साधारण निम्मं दबेल इतपतच आवळा. जोर केलात तर छत वाकून तिथेच तळं साचेल.

पागोळी
एसीच्या मागे लागण्याआधी कडेच्या पन्हळीतली व्हिनाइलची पट्टी ओढून आतले स्क्रू पाहा. गंजले असतील तर तिथूनही पाणी शिरतं. नेमकी जागा हवी असेल तर खिडक्या-व्हेंट बंद करा, एका व्हेंटमध्ये ब्लोअर बसवून हवा आत ढकला आणि बाहेरून सांध्यांवर साबणाचं पाणी शिंपडा. बुडबुडे आले की चोर सापडला.

प्लायवूड दबतंय तिथे वरून टेप मारून काही साधणार नाही. ओल आत कोंडते आणि कुजणं चालूच राहतं. ताडपत्री टाकणार असाल तर घट्ट बांधा, वाऱ्याने फडफडली तर रबर घासून जातं.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. एसीचं कव्हर काढलं. गॅस्केट चपटं झालंय, पण कोरडं आहे. पाणी त्याच्या पुढच्या बाजूने, प्लायवूडच्या कडेवरून येतंय. पन्हळीतले पुढचे स्क्रू तर पिळल्यावर डोकं तुटून हातात येतायत.

म्हणजे व्हेंटपासून पुढच्या सांध्यापर्यंतचं प्लायवूड बदलणं आलंच. तेवढ्या भागापुरतं रबर उचलून, खालची फळी बदलून, तेच रबर परत चिकटवलंय का कुणी? जुनं रबर ताणलं जाऊन सुरकुत्या पडतात का? की पुढच्या भागावर नवा तुकडा घालून जोडावर एटर्नाबॉन्ड ही पाणी रोखणारी टेप लावणं बरं?

तोवर आत डीह्युमिडिफायर लावून ठेवलाय. टाकी बघता बघता भरते, ते पाहूनच छातीत धस्स होतंय.