मदत हवी आहे: ९ वर्षांच्या मुलीच्या डाव्या हातासाठी व्हीआर गेम थेरपी, घ्यावी का?

नमस्कार मंडळी,

सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर परिणाम) असलेल्या मुलांना व्हीआर (डोळ्यांवर हेडसेट लावून दिसणारे आभासी जग) गेममधून व्यायाम देतात, त्याबद्दल विचारायचे आहे. ज्यांच्या मुलांनी हे केले आहे किंवा जे स्वतः फिजिओ, ओटी (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) आहेत त्यांनी जरा सविस्तर लिहा.

मुलगी ९ वर्षांची, डावा हेमिप्लेजिया, म्हणजे शरीराची डावी बाजू कमजोर. चालते, धावते, पायात एएफओ (घोट्याला आधार देणारा स्प्लिंट) घालते. खरी अडचण हाताची आहे. डावा अंगठा तळव्यात दुमडलेला राहतो, मनगट खाली पडते आणि घाई झाली की कोपर आपोआप वाकून हात छातीशी येतो. डबा उघडायचा तर ती तो पोटाशी दाबून धरते आणि उजव्या हाताने झाकण ओढते. डावा हात वापर म्हटले की वापरते, पण म्हणावे लागते. मनगटासाठी बोटॉक्स (स्नायू सैल करणारे इंजेक्शन) झाले आहे, रात्री स्प्लिंट बांधतो. लहानपणी फिट येत असत. आता येत नाहीत, पण औषध चालू आहे.

आम्ही गोव्यात डिचोली तालुक्यात राहतो. डॉक्टरांच्या तपासण्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात), रोजचे व्यायाम घरी. पणजीजवळच्या एका खासगी केंद्राने आता व्हीआरचे पॅकेज सुचवले आहे. डोळ्यांवर हेडसेट, दोन्ही हातांत कंट्रोलर, समोरून येणारे फुगे फोडायचे, फळे उचलून टोपलीत टाकायची. बघण्यासाठी एक सत्र त्यांनी मोफत दिले.

त्या सत्राचे नीट सांगते, कारण माझा प्रश्न तिथूनच सुरू होतो. डाव्या मुठीत कंट्रोलर राहीना म्हणून तो क्रेप बँडेजने बांधला. खेळ सुरू झाला आणि घरी ज्या हातासाठी मिनतवाऱ्या कराव्या लागतात तो हात ती न सांगता खांद्याच्या वर नेत होती, पुन्हा पुन्हा, हसत. मला फार बरे वाटले. मग मी बाजूने बघितले. कोपर सरळ होतच नव्हते. ती अख्खे अंग उजवीकडे झुकवायची, डावा खांदा कानापर्यंत उचलायची, आणि कंट्रोलर फुग्याला लागला की गुण मिळायचे. मनगट होते तसेच खाली. गेमला कंट्रोलर कुठे पोचला एवढेच कळते, हात कसा पोचला ते कळत नाही. तिथल्या ताईंना विचारले तर म्हणाल्या, हळूहळू सुधारेल.

तिला स्वतःला काय हवे आहे तेही लिहिते. आमच्या वाड्यावरच्या बायकांचे घुमट आरतीचे पथक आहे आणि तिला त्यात घुमट वाजवायचे आहे. शामेळ (ढोल) नको, कांसाळे (झांज) नको, घुमटच हवे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मातीचे भांडे, रुंद तोंडावर कातडे ताणलेले (पूर्वी घोरपडीचे, आता बकऱ्याचे), गळ्यात अडकवायचे. उजव्या हाताने कातड्यावर वाजवायचे आणि डाव्या तळव्याने मागचे लहान तोंड झाकायचे-उघडायचे. तो खोल घुमणारा आवाज डाव्या हातावरच अवलंबून असतो. गोवा सरकारने २०१९ मध्ये घुमटाला वारसा वाद्य म्हणून मान दिला, तेव्हापासून शाळांतही ते जास्त दिसते, त्यामुळे तिची ओढ आणखीच वाढली आहे. म्हणजे तळवा उघडा हवा, मनगट वर हवे आणि दोन्ही हात वेगवेगळे काम करत एका तालात हवेत.

तर प्रश्न असा की फुगे फोडून आलेला हात घुमटापर्यंत पोचतो का? फिटचा इतिहास असताना हेडसेट चालतो का? आणि तिच्या वयाला हे यंत्र योग्य आहे का? पॅकेजचे पैसे आमच्यासाठी थोडे नाहीत, पण उपयोग होणार असेल तर काढू.

प्रतिसाद (बालरोग फिजिओथेरपिस्ट, मडगाव)

ताई, तुम्ही बाजूने पाहिलेत ते फार महत्त्वाचे आहे. याला आम्ही भरपाईची हालचाल म्हणतो आणि गेममधली ती सर्वात मोठी उणीव आहे. २००६ मध्ये आलेल्या निन्टेंडो वी या गेम-यंत्रापासून हे दिसत आले आहे. पोरे सोफ्यावर बसून नुसते मनगट झटकायची आणि टेनिस जिंकायची. शेजारी थेरपिस्ट उभा राहून अंग धरत असेल, खुर्चीच्या पट्ट्याने झुकणे थांबवत असेल, कोपर सरळ झाल्याशिवाय लागणार नाही एवढ्या अंतरावर फुगा ठेवत असेल, तरच ते सत्र थेरपी ठरते. केंद्रात गेमची उंची, अंतर आणि वेग मुलागणिक बदलता येतो का, हे आधी विचारा.

घुमटाबद्दल स्पष्ट सांगतो. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना आल्या. त्यांचा गाभा हाच आहे की ध्येय मुलाने निवडावे आणि सराव त्या अख्ख्या कामाचाच, खऱ्या जागी करावा. तुमच्या मुलीने ध्येय आधीच निवडले आहे, ही मोठी जमेची बाजू. हेमिप्लेजियात दोन्ही हातांच्या एकत्रित सरावाला आणि चांगला हात काही काळ बांधून दुसऱ्याला कामाला लावण्याच्या पद्धतीला चांगला पुरावा आहे. एखादे ठरावीक काम सुधारायला साधारण १४ ते २५ तासांचा सराव लागतो असे अभ्यास सांगतात, आणि त्यात घरचा सरावही धरतात. तेव्हा तास घुमटावर घालवा. व्हीआर जोडीला ठेवा, कंटाळा घालवण्यासाठी आणि हात वर नेण्याच्या आवृत्त्या वाढवण्यासाठी. त्या कामाला ते खरोखर चांगले आहे.

फिटचे मात्र न्यूरॉलॉजिस्टना विचारल्याशिवाय एकही सत्र घेऊ नका. लखलखणाऱ्या चित्रांनी काही मुलांना आकडी येऊ शकते. वयाचे म्हणाल तर मेटा कंपनीने २०२३ मध्ये आपल्या क्वेस्ट हेडसेटची वयाची अट १३ वरून १० वर्षांवर आणली, तीही पालकांच्या देखरेखीखाली. सोनीच्या हेडसेटला १२ आहे. क्वेस्ट ३ चे वजन अर्ध्या किलोहून थोडे जास्त, म्हणजे ९ वर्षांच्या मानेवर भारच. क्वेस्ट २ मध्ये भिंगांमधले अंतर ५८ मिलिमीटरच्या खाली येत नाही, आणि या वयात डोळ्यांमधले अंतर बहुधा त्याहून कमी असते. तिरळेपणा असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांनाही दाखवा.

प्रतिसाद (एका मुलाचा बाबा, फोंडा)

आमच्या मुलाला डायप्लेजिया, दोन्ही पाय. आम्ही हेडसेट न घेता किनेक्ट (मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स गेम-यंत्राला जोडायचा कॅमेरा) वापरतो. टीव्हीखाली कॅमेरा, मूल समोर उभे, हातात काही नाही. हात बांधावा लागत नाही, डोळे मोकळे असतात आणि पडू लागला तर मी दिसतो त्याला. मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये बनवणे बंद केले, पण जुने संच मिळतात. मी मागे उभा राहून कंबर धरतो, नाहीतर तोही झुकून गुण मिळवतोच!

पैशांचे: राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत सेरेब्रल पाल्सीच्या मुलांना वर्षाला १ लाखापर्यंत विमा आहे आणि थेरपीचा खर्चही त्यात येतो. काढला नसेल तर काढून घ्या. पॅकेज भरण्याआधी पावती कशी देणार ते केंद्राला विचारा, दाव्याला लागते.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. निरामय काढलेले नव्हते, कागद गोळा करायला घेते. पॅकेज तूर्त थांबवते. पुढच्या तपासणीला गोमेकॉत फिटचे विचारीन.

डॉक्टर, एक शंका राहिली. पूर्ण मापाचे घुमट तिच्या गळ्याला जड होते. कुंभाराकडून लहान मापाचे करून घेतले तर मागचे तोंडही लहान होईल. तळवा पुरता उघडत नसताना आधी लहान तोंड बरे की मोठेच ठेवून घुमट स्टँडवर टेकवावे?

आणि डिचोली, साखळी, म्हापसा भागात कुणाकडे एक्सबॉक्स ३६० आणि किनेक्ट वापराविना पडून असेल तर कृपया व्यक्तिगत निरोप पाठवा. योग्य किंमत देऊन घेऊ.