शेमीज, कॅमिसोल, ड्रॉवर्स: जुन्या लेसच्या अंतर्वस्त्रांना मराठीत काय म्हणावं, आणि त्यांचा काळ कसा ओळखावा?

प्रश्न

इंग्लंडमधल्या आमच्या शेजारच्या आजींच्या घरचं जुन्या पांढऱ्या सुती कपड्यांचं गाठोडं माझ्याकडे आलंय. त्यात गुडघ्यापर्यंतचा एक सैल झगा आहे आणि कमरेपर्यंतची एक बिनबाह्यांची बंडी. बंडीच्या गळ्याच्या लेसमधून निळी रिबीन ओवलेली आहे. शिवाय एक विजार आहे, तिचे दोन्ही पाय फक्त कमरपट्टीला जोडलेत, मध्ये शिवणच नाही. इथे यांना शेमीज, कॅमिसोल आणि ड्रॉवर्स म्हणतात. मला टिपण मराठीत करायचंय. झगा, कंचुकी, विजार असे शब्द चालतील का? आणि लेस पाहून काळ सांगता येतो का?

प्रतिसाद

ताई, 'कंचुकी' नको. कंचुकी म्हटलं की चोळीसारखं अंगाला घट्ट बसणारं वस्त्र डोळ्यांपुढे येतं. तुमची बंडी तशी नाही. ती कॉर्सेटच्या (काड्या घालून कंबर आवळणारं आतलं वस्त्र) वरून घालत, म्हणजे कॉर्सेटच्या काड्या आणि कडा वरच्या झग्यातून दिसत नसत. शेमीज मात्र कॉर्सेटच्या आत, थेट अंगाला लागून. घाम तिने टिपायचा, आणि वारंवार धुतली जायची तीच. त्यामुळे 'कॉर्सेटच्या आतलं' आणि 'कॉर्सेटवरचं' हा भेद टिपणात यायलाच हवा, शब्द कोणताही वापरा. मी शेमीज आणि कॅमिसोल तसेच ठेवीन आणि पुढे एका ओळीत खुलासा देईन.

'विजार' चालेल, पण 'उघडी विजार' असं लिहा. ती फाटलेली किंवा अर्धवट शिवलेली नाही. एकोणिसाव्या शतकात बायकांच्या ड्रॉवर्स बहुतेक अशाच असत, कारण कॉर्सेट आणि परकरांचे थर न सोडता शौचाला बसता यायला हवं. बंद विजारी शतकाच्या अखेरीकडे रुळत गेल्या, तरी उघड्या 1910 च्या आसपासपर्यंत होत्या. म्हणजे उघडी आहे म्हणून फार जुनी, असा निष्कर्ष काढू नका.

प्रतिसाद

'पेटीकोट' शब्दाबद्दलही सावध राहा. आपल्याकडे तो साडीखालचा परकरही असतो आणि लहान मुलींचा बिनबाह्यांचा आतला झगाही. तुमच्या शेमीजला कोणी पेटीकोट म्हटलं तर वाचणारी साडीखालचा परकर समजेल. 'शमीज'ही तसाच, मुलींच्या कपड्यांच्या दुकानात त्याचा अर्थ वेगळा आहे.

प्रतिसाद

आता काळाचं. मला कळकळीने सांगावंसं वाटतं की लेसवरून सुरुवात करू नका. लेस महाग, त्यामुळे जुन्या कपड्यावरून उसवून नव्यावर लावण्याची रीत घरोघरी होती. उलटही होई, कापड जुनं आणि लेस नंतरची. आधी शिलाई पाहा, मग बटणं, मग बेत, म्हणजे कापड कसं बेतलंय ते, आणि शेवटी लेस.

घरगुती शिवणयंत्रं 1850 च्या दशकात पसरायला लागली. मशीनची टीप दिसली तर कपडा साधारण त्यानंतरचा. साखळी टीप असेल तर उलट बाजूला कड्या दिसतात, दुहेरी धाग्याची टीप दोन्ही बाजूंनी सारखी. पण हातशिलाई म्हणजे जुनं, हे खरं नाही. लग्नाचे कपडे हातानेच शिवायचे हा आग्रह पुढेही बराच काळ टिकला.

बेत बोलका असतो. जुन्या शेमीजा सरळ काटकोनी तुकड्यांच्या असतात, काखेत हात हलायला चौकोनी कळी घातलेली. 1870 च्या दशकापासून झगे अंगाला चिकटून बसू लागले, तशी आतली वस्त्रंही आटोपशीर झाली. याच दशकात शेमीज आणि विजार जोडून एकच वस्त्र करायची पद्धत आली, त्याला कॉम्बिनेशन्स म्हणत. टिचबटणं दिसली तर बहुधा विसाव्या शतकातलं. कमरेला नाडीऐवजी रबरी इलॅस्टिक असेल तर आणखी पुढचं. आत 'सीसी 41' असा शिक्का सापडला तर 1941 ते 1952 मधला, युद्धकाळात सुरू झालेल्या सरकारी योजनेतला नमुना. युद्धकाळात, 1942 पासून काही वर्षं, ब्रिटनमध्ये अंतर्वस्त्रांवर लेस आणि भरतकाम करायलाही मनाई होती, त्यामुळे त्या वर्षांतल्या कपड्यावर लेस दिसली तर ती कोणीतरी घरी नंतर लावलेली असण्याचीच शक्यता जास्त.

प्रतिसाद

लेसचं मी सांगते. नॉटिंगहॅमजवळ जॉन हीथकोटने जाळी विणणाऱ्या यंत्राचं पेटंट 1809 मध्ये घेतलं. 1816 मध्ये त्याच्या लॉफबरोच्या कारखान्यात यंत्रं फोडली गेली, तेव्हा तो डेव्हनमधल्या टिव्हर्टनला गेला. जॉन लीव्हर्सचं यंत्र 1813 चं. पुढे त्याला जॅकार्ड (छिद्रांच्या पत्त्यांनी नक्षी ठरवणारी यंत्रणा) जोडून नक्षीची लेस स्वस्तात निघू लागली. तुमच्या कपड्यांवर बहुधा व्हॅलेन्सियन्स पद्धतीची यंत्रावरची लेस असेल, चपटी, धुण्याला टिकणारी. भिंगाखाली हातच्या लेसचे धागे नक्षीत वळून पुढे जाताना दिसतात. यंत्राच्या लेसमध्ये उभ्या समांतर रेघा जाणवतात आणि नक्षीच्या कडेला कापलेली टोकं सापडतात.

जाळीच नाही, नक्षीच्या कडांना केसाळपणा आहे, अशी लेस रासायनिक असते: विरघळणाऱ्या कापडावर यंत्राने भरतकाम करून कापड काढून टाकतात. ती 1880 च्या दशकापासूनची. तिच्यासाठी लागणारं शिफली हे भरतकामाचं यंत्र स्वित्झर्लंडच्या सेंट गॅलनमधलं, 1863 चं. आपण ज्याला 'हकोबा' म्हणतो ते भोकाभोकांचं भरतकाम याच जातीच्या यंत्रावरचं. म्हणून इथल्या ब्रॉडरी आंग्लेझला मराठीत 'हकोबासारखं भरतकाम' म्हटलं तर मुंबई-पुण्याची कुठलीही शिवणारी चटकन ओळखेल.

कपड्याच्या मधोमध बसवलेल्या, दोन्ही कडा सरळ असलेल्या लेसला 'जोडपट्टी' आणि एका बाजूला नागमोडी असलेल्या लेसला 'काठाची लेस' म्हणा. रिबिनीची ती 'ओवणीची लेस'. कोशात असोत-नसोत, अर्थ लगेच पोचतो.

प्रश्नकर्ती

सगळ्यांचे आभार. विजारीच्या पट्टीवर लाल दोऱ्याने दोन अक्षरं, खाली 6, त्याखाली 84 असं भरलंय. पायांच्या शिवणी हाताने, बारीक आणि एकसारख्या. खालची लेस मात्र मशीनने लावलीय.

प्रतिसाद

हा धुलाईचा खूण-मजकूर. अक्षरं मालकिणीची, 6 म्हणजे त्या संचातला सहावा नग, 84 म्हणजे बहुधा 1884. बाहेर धुवायला दिलेले कपडे परत आपल्याच घरी यावेत, आणि संचातले नग आलटून-पालटून वापरले जावेत, म्हणून हे भरत असत. लेसची शिवण वेगळी आहे तर टिपणात दोन ओळी लिहा: विजार बहुधा 1884 ची, लेस बहुधा नंतर बसवलेली. लेस उसवून 'मूळ रूप' दाखवायचा मोह झाला तरी ती तशीच राहू द्या. ती नंतर लावणारी बाईही या कपड्याच्या इतिहासात आहे. आणि लेसखालची मूळ कड दुमडलेली आहे की कापलेली, ते भिंगातून बघून इथे कळवा. कापलेली असेल तर आधी दुसरी झालर असण्याची शक्यता आहे.