जुने विंडोज शाबूत ठेवून त्याच संगणकावर लिनक्स कसे बसवावे?

रामबागकर, इंदूर

सप्रेम नमस्कार. इंदुरात आमचा घरगुती छापखाना आहे. लग्नपत्रिका, गणेशोत्सव मंडळांच्या स्मरणिका, मुंजीची निमंत्रणे अशी मराठी-हिंदी कामे आमच्याकडे येतात आणि त्यांचे बरेचसे डीटीपी (संगणकावरची पानजुळणी) आजही पेजमेकर ७ या जुन्या प्रोग्राममध्ये, युनिकोड (सर्व संगणकांवर सारखी चालणारी अक्षरपद्धती) येण्यापूर्वीच्या फाँटमध्ये होते. त्या फाँटच्या सॉफ्टवेअरला यूएसबी डोंगल (परवान्याच्या किल्लीसारखे लहान उपकरण) लागते आणि ते विंडोजशिवाय कुठेही चालत नाही. जुन्या गिऱ्हाइकांच्या फायली त्याच फाँटमध्ये असल्यामुळे विंडोज १० काढून टाकण्याचा प्रश्नच येत नाही. मात्र १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित सपोर्ट (सुरक्षेचे अपडेट) संपला, आणि आमचा प्रोसेसर इंटेलच्या चौथ्या पिढीतला असल्याने विंडोज ११ त्यावर अधिकृतपणे बसत नाही. ईमेल, गिऱ्हाइकांनी पाठवलेल्या फायली आणि बँकेचे व्यवहार या संगणकावर असेच चालू ठेवणे मला योग्य वाटत नाही. म्हणून इंटरनेटची सर्व कामे लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमवर करावीत आणि डीटीपीपुरतेच विंडोज सुरू करावे, असा विचार आहे. विंडोजला, विशेषतः त्या डोंगलच्या व्यवस्थेला, धक्का न लागता हे कसे साधावे, याचे मार्गदर्शन हवे आहे. संगणक डेस्कटॉप आहे, रॅम ८ जीबी असून हार्ड डिस्क १ टीबीची आहे.

मल्हारगंज

आपला विचार योग्य आहे आणि ही गोष्ट होण्यासारखी आहे. फक्त मिंट बसवण्याचा पेन ड्राइव्ह तयार करण्याआधी दोन गोष्टी पाहून येथे कळवाव्यात. स्टार्ट मेनूत ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ शोधून उघडा आणि ‘बायोस मोड’ या ओळीपुढे ‘यूईएफआय’ लिहिले आहे की ‘लेगसी’, ते पाहा (संगणक सुरू होण्याच्या या अनुक्रमे नव्या आणि जुन्या पद्धती). त्यानंतर ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडून डिस्कवर किती पार्टिशन (डिस्कचे भाग) आहेत आणि प्रत्येकाखाली ‘प्रायमरी’ असे लिहिले आहे का, हे पाहा.

हे आधी विचारण्याचे कारण असे की, यूईएफआय पद्धतीत प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमच्या बूट फायली (ती सुरू करणाऱ्या फायली) एका लहानशा पार्टिशनमध्ये आपापल्या फोल्डरात राहतात, त्यामुळे लिनक्स आले तरी विंडोजच्या फायली जागच्या जागी असतात. लेगसी पद्धतीत मात्र डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमध्येच बूटचा कोड असतो आणि जो नंतर येतो, तो आधीच्यावर लिहितो. आपल्याकडे कोणती पद्धत आहे हे ठरल्याशिवाय पुढचा कोणताही सल्ला देणे धोक्याचे आहे. शिवाय विंडोज ज्या पद्धतीने सुरू होते, त्याच पद्धतीने पेन ड्राइव्हही सुरू करावा लागतो. एक लेगसी आणि दुसरे यूईएफआय असे झाले, तर दोन्ही बसूनसुद्धा एका मेनूत येत नाहीत.

रामबागकर, इंदूर

तत्पर उत्तराबद्दल आभार. बायोस मोड लेगसी आहे. पार्टिशन चार दिसतात : ‘सिस्टिम रिझर्व्हड’ नावाचे एक लहान, नंतर सी, डी आणि ई. चारही प्रायमरी आहेत. कामाच्या सर्व फायली डीमध्ये आहेत आणि ई जवळजवळ रिकामे आहे. ई लहान करून मोकळ्या झालेल्या जागेत नवीन पार्टिशन करायला गेलो, तेव्हा डिस्क ‘डायनॅमिक’ करण्याबद्दलची एक सूचना आली. तिथेच थांबलो आहे.

मल्हारगंज

थांबलात हे फार चांगले केले. त्या खिडकीत ‘येस’ मुळीच दाबू नका. आपल्या डिस्कवर एमबीआर तक्ता (पार्टिशनच्या नोंदींची जुनी पद्धत) आहे आणि त्यात प्रायमरी पार्टिशनच्या नोंदींसाठी चारच जागा असतात. त्या चारही भरल्यामुळे पाचवे पार्टिशन हवे असेल, तर विंडोज संपूर्ण डिस्कच डायनॅमिक प्रकारात बदलू पाहते. तो बदल एकदा झाला की लिनक्सचा इन्स्टॉलर त्या डिस्कवर नेहमीच्या रीतीने बसू शकत नाही, आणि माहिती न पुसता मागे फिरण्याची सोय विंडोज स्वतः देत नाही.

आपल्या बाबतीत मार्ग सोपा आहे. ईमध्ये जे थोडेफार असेल ते डीमध्ये हलवा, कामाच्या सर्व फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढा, त्यातल्या दोन-चार फायली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा आणि मगच डिस्क मॅनेजमेंटमधून ई काढून टाका. नोंदीची एक जागा रिकामी झाली की मिंटचा इन्स्टॉलर तिथे ‘एक्स्टेंडेड’ पार्टिशन करून त्याच्या पोटात आपली पार्टिशन बसवू शकतो. इन्स्टॉलरमध्ये सर्वांत शेवटचा ‘समथिंग एल्स’ हा पर्याय निवडा, म्हणजे कोणत्या जागेला हात लागणार आहे ते आपल्या डोळ्यांसमोर राहते. ‘इरेज डिस्क’ या पर्यायाकडे फिरकूही नका, कारण त्याने सी आणि डी दोन्ही जातात.

लष्कर-ग्वाल्हेर

वरची रीत अचूक आहे, पण ज्या संगणकावर रोजी-रोटी आहे त्याच्यासाठी मी ती सुचवणार नाही. डेस्कटॉप आहे, म्हणजे आत दुसरी डिस्क लावता येते. २४० किंवा २५६ जीबीची साटा एसएसडी (साटा केबलने जोडायची वेगवान डिस्क) आपल्या गावच्या सिल्व्हर मॉलमध्ये सहज मिळेल, आणि मिंटला तेवढी जागा भरपूर होते. एसएसडी लावल्यावर संगणक पूर्ण बंद करून प्लगही काढा आणि विंडोजच्या डिस्कची साटा केबल तात्पुरती सोडवून ठेवा. आता इन्स्टॉलरला एकच डिस्क दिसेल, त्यामुळे त्याचा बूटलोडर (ऑपरेटिंग सिस्टिम निवडून सुरू करणारा प्रोग्राम) ग्रब त्याच डिस्कवर बसेल आणि विंडोजच्या पहिल्या सेक्टरला स्पर्शसुद्धा होणार नाही. काम झाल्यावर केबल पुन्हा जोडा आणि बायोसमध्ये एसएसडीला पहिला क्रम द्या. त्यानंतर मिंटच्या टर्मिनलमध्ये (आदेश टाइप करण्याच्या खिडकीत) ‘अपडेट-ग्रब’ हा आदेश सुडोसह, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने (sudo update-grub), चालवला की विंडोजही मेनूत येते. पुढे कधी मिंट नकोसे झाले, तर बायोसमधला क्रम बदलायचा. विंडोज पूर्वी होते तसेच सुरू होते. एकाच डिस्कवर दोन्ही ठेवली, तर ग्रब काढताना विंडोजचा बूट कोड परत बसवावा लागतो आणि त्यासाठी विंडोजचा इन्स्टॉलेशन पेन ड्राइव्ह हाताशी असावा लागतो. आपली हार्ड डिस्कही प्रोसेसरइतकीच जुनी असेल, तर तिच्यावर नवा भार न टाकणे हेही एक कारण आहे.

बडोदेकर

एक पर्याय सुचवतो. मिंट मुख्य ठेवून विंडोज व्हर्च्युअलबॉक्समध्ये (एका संगणकाच्या आत दुसरा संगणक चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) चालवता येईल का? दर वेळी संगणक रीस्टार्ट करावा लागणार नाही.

लष्कर-ग्वाल्हेर

पेजमेकर त्यात चालेल, पण आपण डोंगल विसरलात. यूएसबी उपकरण आतल्या विंडोजकडे सोपवता येते, तरी कॉपी-संरक्षणाचे जुने डोंगल तिथे ओळखले जाईलच याची खात्री नसते. शिवाय फाँटचे सॉफ्टवेअर नव्याने इन्स्टॉल करावे लागेल आणि ८ जीबी रॅम दोघांत वाटावी लागेल. नव्या संगणकावर मी हेच सुचवले असते, येथे नाही.

तिलकनगर

दोन गोष्टी कोणी सांगितल्या नाहीत आणि दोन्ही तुमच्या रोजच्या कामात आड येतील.

पहिली ‘फास्ट स्टार्टअप’ची. ही सोय चालू असताना विंडोज ‘शट डाउन’ केले तरी पूर्ण बंद होत नाही. विंडोजचा गाभा डिस्कवर जतन होतो आणि डीसारखे भाग वापरात असल्यासारखेच राहतात. अशा वेळी मिंटमधून डी उघडले तर ते बहुधा फक्त वाचता येते, आणि बळजबरीने काही लिहिले तर फायली खराब होण्याची भीती असते. गिऱ्हाइकाची फाइल मिंटमध्ये उतरवून डीमध्ये ठेवायची आणि मग विंडोजमध्ये उघडायची, हाच तुमचा शिरस्ता होणार असल्याने ही सोय आधी बंद करा. ती कंट्रोल पॅनलमध्ये ‘पॉवर ऑप्शन्स’ उघडून ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’ या पानावर मिळते.

दुसरी घड्याळाची. संगणकाच्या आतल्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ मानते आणि लिनक्स जागतिक वेळ मानते. त्यामुळे मिंटमधून विंडोजमध्ये आलात की घड्याळ ५ तास ३० मिनिटे मागे दिसते. इंटरनेट चालू असते तर विंडोजने ते केव्हातरी सुधारले असते, पण तुम्ही तिथे इंटरनेट बंदच ठेवणार. पहाटे साडेपाचपूर्वी काम करत असाल, तर फायलीवर किंवा बिलावर आदल्या दिवसाची तारीख पडेल. मिंटच्या टर्मिनलमध्ये ‘टाइमडेटसीटीएल’ या आदेशाला ‘सेट-लोकल-आरटीसी’ हा पर्याय आणि १ हा आकडा दिला (timedatectl set-local-rtc 1) की मिंटही स्थानिक वेळ मानू लागते.

रामबागकर, इंदूर

सर्वांचा ऋणी आहे. दुसऱ्या डिस्कचा मार्ग धरतो, कारण आमच्याकडे लग्नसराईत संगणक एक दिवसही बंद ठेवून चालत नाही. शेवटचे विचारतो : मिंट बसवण्याआधीच त्यावर आमचा प्रिंटर आणि मराठी टायपिंग चालते की नाही, हे पाहता येईल का?

मल्हारगंज

अवश्य पाहता येईल. मिंट २२ ची आयएसओ फाइल (संपूर्ण मिंट सामावलेली एकच फाइल) अधिकृत संकेतस्थळावरून उतरवा, फाइल नीट उतरली का हे कळण्यासाठी तिथे दिलेल्या शा-२५६ या पडताळणीच्या बेरजेशी ती ताडून पाहा आणि रुफस हा विंडोजमधला प्रोग्राम वापरून ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर घाला. रुफसमध्ये पार्टिशन स्कीम एमबीआर ठेवा. त्या पेन ड्राइव्हने संगणक सुरू केला की काहीही न बसवता संपूर्ण मिंट वापरता येते. प्रिंटर जोडून एक पान छापून पाहा. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठीचा लेआउट जोडा आणि लिब्रेऑफिसमध्ये क्ष, ज्ञ, ऱ्या आणि रफार असलेले शब्द टाइप करा. इन्स्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाण लेआउटची सवय असेल तर अडचण येणार नाही. जुन्या फाँटच्या टाइपरायटर लेआउटची बोटांना सवय असेल, तर ती मात्र बदलावी लागेल. ही चाचणी विंडोजची डिस्क जोडलेली असतानाच करा, म्हणजे डीमधल्या फायली मिंटला दिसतात की नाही, तेही कळेल. त्या वेळी डेस्कटॉपवरचे इन्स्टॉलचे चिन्ह उघडू नका. ते केबल सोडवल्यानंतरच उघडायचे आहे.