ऑडिट लॉग शोधताना घाई चालते का?

वाघूरकाठ: जळगाव एमआयडीसीतल्या एका पाइप कारखान्याच्या मेलवरून डीलरांना ‘आमचं बँक खातं बदललं आहे’ अशी मेल गेली. सावद्याच्या एका डीलरने पैसे टाकण्याआधी फोन केला म्हणून कळलं. आता मायक्रोसॉफ्ट ३६५ चा ऑडिट लॉग (कुणी, कधी, काय केलं याची नोंदवही) पॉवरशेलने, म्हणजे कमांड लिहून, उपसतोय. शोधाला ‘हायकम्प्लीटनेस’ हा स्विच लावला की नोंदी पूर्ण मिळण्यावर भर, पण शोध रेंगाळतो. माझं मत, तो कायम लावावा. ‘न्यू-इनबॉक्सरूल’ची, म्हणजे चोराने मेल परस्पर वळवायचा किंवा लपवायचा नियम बनवल्याची, एक ओळ निसटली तर अहवाल रद्दीत.

धुळेकर_अॅडमिन: काय भो, चोर घरात आणि तुम्ही पंचनामा करताय! आधी साधा शोध, लगेच पासवर्ड बदला, सगळी सेशन (चालू लॉगिन) तोडा. सर्ट-इनच्या (केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचं असतं. शिवाय ताजी नोंद लॉगमध्ये उमटायलाच तास-दीड तास लागतो. मग पहिल्या तासात ‘पूर्ण’ काय मिळणार?

वाघूरकाठ: पासवर्ड बदलायला लॉग लागतोच कुठे, भाऊ? तो बदलून झाला.

तापीपार: धुळेकर, झटपट शोधात काही सापडलं तर उत्तमच. पण काही नाही सापडलं तर? ‘नाही’ म्हणायला पूर्णच शोध लागतो. एका ठिकाणी ‘हा घ्या संपूर्ण लॉग’ म्हणून फाइल आली, तिच्यात बरोब्बर १०० ओळी. आकडा न सांगितल्यास शोध तेवढ्याच देतो, हे पाठवणाऱ्याच्या गावीही नव्हतं! सांगितलं तरी एका खेपेला ५,००० च. पुढच्यासाठी सेशन आयडी (त्या शोधाची खूण) देऊन पुन्हा मागायच्या. आणि वेळा यूटीसीत, म्हणजे आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे. आपल्याकडची रात्री २ ची चोरी तिथे आदल्या तारखेला २०:३० ला दिसते. तारीख चुकली तर कुठलाही स्विच लावा, उपयोग शून्य.

धुळेकर_अॅडमिन: हे मान्य. तरी सरसकट ‘कायम लावा’ पटत नाही. एकच खातं, दोनच दिवस, एवढं आधी बघा. सहा महिन्यांचा शोध रात्री लावून झोपा.

तापीपार: आजच रात्री लावा पण. साध्या परवान्यात नोंदी १८० दिवसच राहतात, मागचा एकेक दिवस रोज गळतोय.

वाघूरकाठ: एकेक दिवस पाडून लावलाय, पूर्णवालाच. मालकांचे फोनवर फोन, ‘बाकी कुणाला मेल गेली नाही, एवढं लिहून द्या.’ शोध संपेपर्यंत मी ते लिहून देणार नाही.