स्टीफन मूळचा ग्रीक

स्टीफन हे ‘अस्सल इंग्रजी नाव’ आहे असं एकाने म्हटलं, म्हणून लिहितोय. मूळ ग्रीक शब्द ‘स्तेफानोस’. स्पर्धा जिंकणाऱ्याच्या डोक्यावर घालायचा पानांचा मुकुट, तो स्तेफानोस. जेरुसलेममध्ये दगडांनी ठेचून मारलेल्या पहिल्या ख्रिस्ती हुतात्म्याचं हे नाव. ४१५ मध्ये त्याच्या अस्थी सापडल्याचं जाहीर झालं, मग हे नाव दूरवर पसरलं. हंगेरीत वायक नावाच्या राजपुत्राने तेच नाव घेतलं आणि तो इश्तवान (स्टीफनचं हंगेरियन रूप) राजा झाला. मला सर्वांत आवडतं ते या नावाचं फ्रेंच रूप एतिएन: आधी ‘एस्तिएन’ होतं, पुढे बोलताबोलता त्यातला ‘स’ गळून गेला. आणि आपल्या मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ रचणारे फादर थॉमस स्टीफन्स? त्यांच्या आडनावातही हाच हुतात्मा आहे. गोव्यात त्यांना ‘पाद्री एस्तेव्हांव’ म्हणत.